परतीच्या तेलाची वाट

शहाद्याहून तोरणमाळला चढणारी जीप, तळोद्याहून चांदसैली घाटाने धडगावला माल नेणारं पिकअप, ऊस भरून कारखान्याच्या रांगेत उभा असलेला ट्रॅक्टर, नाहीतर खडी क्रशरवरचं जुनं इंजिन. आमच्या नंदुरबार जिल्ह्यात डिझेल इंजिनाला उसंत नसते. वर सातपुड्याचे चढ, खाली तापीकाठची काळी माती आणि मे महिन्यात बेचाळीस-त्रेचाळीस अंशांचं ऊन. अशा मुलखात टर्बोचं कौतुक सगळ्यांना असतं. त्या टर्बोतून तेल इंजिनात परत आणणाऱ्या नळीकडे मात्र कोणी ढुंकूनही बघत नाही.

गॅरेजात ही नळी दोन प्रकारच्या कामांत समोर येते. पहिलं काम डोंगरातलं. दगड लागून इंजिनाच्या तळाचं तेलाचं चेंबर फुटतं, घाईत बिनटर्बोच्या इंजिनाचं चेंबर मिळतं, बोल्ट तंतोतंत जुळतात, पण परतीच्या तेलाला भोकच नसतं. दुसरं काम शेतातलं किंवा क्रशरवरचं. एका जागी चालणाऱ्या साध्या इंजिनाला मालकाला टर्बो बसवून हवा असतो. काही इंजिनांत परतीचं तेल थेट ब्लॉकमध्ये जातं, तिथे हा प्रश्न येत नाही. बाकीच्यांत चेंबरला नवं तोंड काढावं लागतं. वरवर पाहता काम एका भोकाचं आणि त्यात बसणाऱ्या एका बुशाचं. त्या भोकाने जे शिकवलं ते लिहून ठेवतो.

१. तेल वर पंप नेतो, खाली फक्त उतार आणतो

स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी या इंजिनिअरने १९०५ मध्ये टर्बोचं पेटंट घेतलं. वाया जाणाऱ्या धुराने एक चाक फिरवायचं आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चाकाने इंजिनात जास्त हवा कोंबायची, ही कल्पना तेव्हापासून बदललेली नाही. लहान डिझेल गाडीतला हा दांडा मिनिटाला लाख-दीड लाख फेरे घेतो आणि तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. तेल तिथपर्यंत पोचतं ते ऑइल पंपाच्या दाबाने, बारीक नळीतून. बेअरिंगमधून बाहेर पडलं की दाब संपला. पुढे त्याला ढकलणारं कोणी नाही, ते आपल्या वजनाने खाली येणार.

शिवाय ते जसं गेलं तसं येत नाही. लाखभर फेऱ्यांत घुसळून निघालेलं तेल ताकावरच्या फेसासारखं फुगलेलं असतं. फेसाला जागा जास्त लागते आणि तो वाहतोही सावकाश. म्हणून जाणारी नळी करंगळीपेक्षा बारीक असते आणि येणारी अंगठ्याएवढी जाड. ‘एवढी जाड कशाला, बारीक लाव की’ असं मालक म्हणतो तेव्हा त्याला आधी हे समजावून सांगावं लागतं. पुढचे सगळे धडे याच एका गोष्टीतून निघतात.

२. निळा धूर दिसला म्हणून टर्बोला फाशी देऊ नका

धडगावकडचं एक पिकअप आलं होतं. ड्रायव्हर उतरता उतरताच म्हणाला, ‘दादा, धूर निंघी ऱ्हायना, टर्बो गया वाटस!’ टर्बो नवाच होता, जुनाही असाच धूर करतो म्हणून बदललेला. गाडी वर घेऊन खाली गेलो. चेंबर बदललेलं होतं आणि परतीची नळी चेंबरच्या तळाजवळ, ड्रेन बोल्टच्या जेमतेम चार बोटं वर जोडलेली होती. नळीचं तोंड कायम तेलात बुडालेलं. टर्बो बिचारा निर्दोष होता.

टर्बोच्या दांड्यावर रबरी सील नसतं. पिस्टनच्या रिंगेसारखी बारीक लोखंडी रिंग असते. ती वाहतं तेल सांभाळते, पण साचलेलं तेल अडवू शकत नाही. परतीचा रस्ता तुंबला की तेल एका बाजूने सायलेन्सरमध्ये आणि दुसऱ्या बाजूने इंजिनाच्या हवेत शिरतं. डिझेल इंजिनाला हवेतून तेल मिळालं तर ते त्याच तेलावर पळत सुटू शकतं आणि चावी बंद करूनही थांबत नाही. अशा वेळी हवेचं तोंड बंद करायला लाकडी फळी जवळ ठेवा. तिथे हात कधीही लावू नका.

खात्री करण्याची साधी रीत आहे. परतीची नळी चेंबरपासून सोडवून बादलीत घ्या आणि चेंबरचं तोंड बुचाने बंद करा. टर्बोचं हवेकडचं तोंड पुसून कोरडं करा. इंजिन मिनिटभर स्लोवर चालवा, इंजिनातल्या तेलाच्या पातळीवर लक्ष ठेवा, मग बंद करून तोंड पुन्हा बघा. कोरडं राहिलं तर दोष टर्बोत नाही, रस्त्यात आहे. सायलेन्सरमध्ये साचलेलं तेल जळेपर्यंत धूर थोडा वेळ राहतोच, त्यावरून निकाल लावू नका.

३. तोंड तेलाच्या पातळीच्या वर

चेंबरमधलं तोंड तेलाच्या वर उघडलं पाहिजे. पातळी धरायची ती बंद इंजिनाची, गेज पट्टीवरच्या वरच्या खुणेची. चालू इंजिनात पातळी थोडी उतरते, तो फायदा बोनस समजावा.

अंदाजाने खूण करू नका. जुन्या ड्रेन बोल्टला आरपार भोक पाडून त्यावर निपल झाळून घ्या आणि त्याला पारदर्शक नळी लावा. तेल पूर्ण भरा, नळी चेंबरच्या बाजूने उभी धरा. गवंडी लेव्हल बघतो त्याच पद्धतीने चेंबरमधली खरी पातळी बाहेर दिसते. तिथे खडूची रेघ मारा. भोकाची खालची कड त्या रेघेच्या वर हवी, जितकी वर जमेल तितकी चांगली.

सपाट जमिनीवरची रेघ आपल्याकडे पुरत नाही, हेही लक्षात ठेवा. तोरणमाळचा सातपायरी घाट चढताना गाडीचं नाक वर होतं आणि तेल चेंबरच्या मागच्या भागात जमतं. उतरताना तेच पुढे येतं. तोंड अगदी पुढे किंवा अगदी मागे असेल तर एका बाजूच्या घाटात ते बुडणारच. म्हणून मधोमध आणि वर. इतकी उंची मिळतच नसेल, टर्बोच फार खाली बसवला असेल, तर उताराचा हट्ट सोडून तेल ओढणारा वेगळा पंप लावावा लागतो. तो खर्च आणि ती नवी डोकेदुखी बघता टर्बोची जागा बदलणं बहुतेकदा स्वस्त पडतं.

४. जागा आतून बघा आणि बाहेरूनही

बाहेरून मोकळी दिसणारी जागा आत मोकळी असेलच असं नाही. आत क्रँकचा वेढा फिरतो, तेल ओढणारी नळी आणि जाळी असते, तेल हिंदकळू नये म्हणून पत्रा असतो, गेज पट्टी उतरते. बुशाचं टोक आत जास्त आलं आणि क्रँकला घासलं तर पुढचं बोलायला नको. फिरत्या क्रँकवरून उडणारं तेल थेट तोंडावर मारत असेल तरी परतीला अडथळा होतो.

मी भोक पाडण्याआधी त्या जागी आतून ओल्या मातीचा गोळा थापतो, बुश जेवढा आत येणार तेवढ्याच जाडीचा. चेंबर पॅकिंगसकट बोल्टवर बसवायचं, क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवायचा, चेंबर उतरवून गोळा बघायचा. गोळ्यावर ओरखडा नसेल तर जागा पक्की. मग माती कणभरही न ठेवता धुवायची.

बाहेर जीपचा पुढचा एक्सल खड्ड्यात वर उचलला जातो. जॅक लावून एक्सल त्याच्या रबरी ठोकळ्याला टेकेपर्यंत वर घ्या आणि नळीला जागा उरते का बघा. सेल्फ आणि सायलेन्सरचा पाइपही नजरेआड करू नका.

५. चेंबर उतरवा, मगच भोक पाडा

मालक घाईत असतो. अस्तंब्याची यात्रा, काठीची होळी, सारंगखेड्याचा घोडेबाजार, असे भाड्याचे दिवस तोंडावर असतात. ‘ड्रिलला ग्रीस लाव, कीस चिकटून येतो, चेंबर कशाला उतरवतो?’ असा सल्ला मिळतो. ग्रीसने बराचसा कीस येतो, सगळा येत नाही. लोखंडाचा कीस चुंबकाने काढता येईल, अॅल्युमिनियमचा तसाही निघत नाही. तेल ओढणारी जाळी मोठे तुकडे अडवते, बारीक कण पंपात जातात आणि पंपाचे दात ओरबाडतात. आणि भोक पाडलं तरी आत वेल्डिंग कसं करणार, आतली शिवण कशी बघणार?

काही गाड्यांत चेंबर उतरवायला इंजिनाचे माउंटिंग सोडून इंजिन थोडं उचलावं लागतं. वेळ जातो, मान्य. पण क्रँक आणि बेअरिंगच्या कामाला लागणारा वेळ नि पैसा याच्यापुढे हा एक दिवस काहीच नाही. यावर मी घासाघीस करत नाही.

६. धातू ओळखून जोड ठरवा

चुंबक लावा. चिकटला तर बहुधा पत्रा, नाही चिकटला तर बहुधा अॅल्युमिनियम. पत्र्याचं चेंबर दीड-दोन मिलिमीटर जाड, त्यात सरळ आटे पाडून फिटिंग बसवलं तर आटे दोन-तीनच धरतात आणि पहिल्याच खराब रस्त्यावर सुटतात. लेथवर साध्या लोखंडाचा बुश करून घ्या, त्यात आटे पाडा आणि बुश वेल्ड करा. हार्डवेअरच्या दुकानातलं जीआय सॉकेट घेऊ नका. त्यावरचा जस्ताचा थर वेल्डिंगमध्ये जळतो, धूर छातीत जाऊन रात्री थंडी-ताप भरतो, शिवाय शिवण सच्छिद्र होते.

अॅल्युमिनियमला आर्गॉन वेल्डिंग हवं आणि करणाराही त्यातला जाणता हवा. जुनं अॅल्युमिनियम तेल प्यायलेलं असतं. आधी तापवून, धुऊन, घासून तेल काढलं नाही तर शिवणीत बुडबुडे येतात. वेल्डिंगची सोयच नसेल तर आरपार जाणारं फिटिंग, आतून नट आणि दोन्हीकडे तेलाचे सीलवाले वायसर, असंही चालतं. त्यासाठी जागा सपाट हवी आणि नट सैल होणार नाही याची सोय हवी. नुसत्या चिकट लेपावर विसंबून बसवलेलं फिटिंग गळतंच.

७. वेल्डिंगने चेंबर वाकडं होतं

तेलकट चेंबरला थेट ठिणगी दाखवू नका, आत साचलेली वाफ पेटते. आधी डिझेलने धुवा, मग साबणाच्या गरम पाण्याने, मग वाळवा.

चेंबर सुटं ठेवून वेल्ड केलं तर पत्रा आकसतो आणि ब्लॉकला बसणारी कड वाकते. मग चार बाजूंनी तेल पाझरतं आणि दोष पॅकिंगवर जातो. जुना निकामी ब्लॉक असेल तर चेंबर त्याला सगळ्या बोल्टांनी आवळा. नसेल तर जाड अँगलची चौकट करून तिला आवळा. समोरासमोर चार टाके द्या, निवू द्या, मग थोडी थोडी शिवण पुरी करा. पूर्ण थंड झाल्यावरच बोल्ट सोडा. नंतर कड जाड काचेवर ठेवून खाली उजेड दिसतो का बघा. आतले वेल्डिंगचे मणी कानशीने आणि तारेच्या ब्रशने काढा. आज चिकटलेला मणी उद्या पंपात जाणार असतो.

८. खडू आणि रॉकेल

शिवण गळते का हे तेल भरून बघू नका, तेल जाड असतं. बाहेरून शिवणीवर पाण्यात कालवलेला खडू फासा आणि वाळू द्या. आतून त्या जागी रॉकेल राहील असं चेंबर कलतं करून रात्रभर ठेवा. सकाळी पांढऱ्या खडूवर ओला डाग दिसला तर तिथे बारीक छिद्र आहे. रॉकेल आता सहज मिळत नाही, डिझेलवर भागतं. डाग दिसला तर वरून लेप लावू नका, शिवण घासून परत मारा.

९. नळी: जाड, सरळ, सतत उतरती

आतला व्यास सोळा ते एकोणीस मिलिमीटर ठेवा. हा व्यास सगळ्यात अरुंद जागी मोजायचा. अर्धा इंची फिटिंग नावाला अर्धा इंची असतं, त्यावर रबरी नळीचं निपल बसवलं की आतली वाट बारीक होते. पाऊण इंची बुश घेतला तर हाताशी जागा राहते.

नळी जमेल तेवढी उभी हवी. उभ्या रेषेपासून तीस-पस्तीस अंशांपलीकडे कलली तर फेस रेंगाळतो. मध्ये खाली जाऊन पुन्हा वर येणारा वळसा तर अजिबात नको, तिथे तेल साचून राहतं. रेडिएटरचा रबरी पाइप लावू नका, तो तेलात फुगतो आणि आतून सोलतो. साधी सिलिकॉनची नळीही तेल पाझरवते. टर्बोपासून बराचसा भाग लोखंडी नळीचा, शेवटी तेल आणि उष्णता सोसणाऱ्या चांगल्या नळीचा छोटा तुकडा, म्हणजे इंजिन हललं तरी ताण येत नाही. मॅनिफोल्डपासून दूर ठेवा, जवळूनच न्यावी लागली तर मध्ये पत्र्याचा आडोसा द्या. गरम मॅनिफोल्डवर तेल ठिबकलं तर गाडी पेटते.

१०. टर्बोखालच्या पॅकिंगला सिलिकॉन नको

तिथे कागदी किंवा धातूचं पॅकिंग कोरडं बसवा. लावलेलं सिलिकॉन दाबून आत येतं, त्याचा लोंबणारा पापुद्रा वाट अडवतो आणि सुटला की चेंबरमध्ये पडून जाळीवर बसतो.

११. ब्रीदर तुंबला तर सगळी मेहनत वाया

पिस्टनच्या बाजूने उतरणारी हवा ब्रीदरच्या वाटेने बाहेर न जाता चेंबरमध्ये कोंडली तर ती परतीच्या नळीतून वर दाब देते आणि तेल खाली येत नाही. इंजिन चालू असताना तेल भरण्याचं झाकण उलटं करून तोंडावर ठेवा. ते नुसतं थरथरलं तर ठीक. उडून पडलं तर आधी ब्रीदर साफ करा. तरीही उडत असेल तर रिंगा आणि बोअरचं काम निघालेलं आहे. अशा इंजिनावर टर्बो चढवणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं.

१२. पहिल्यांदा चालू करताना घाई नको

टर्बोच्या वरच्या नळीच्या तोंडात चांगलं तेल भरा. स्टॉप केबल ओढून, इंजिन सुरू होऊ न देता, सेल्फ मारा. कॉमन रेलचं इंजिन असेल तर क्रँक सेन्सरचा कनेक्टर काढा. थांबून थांबून मारा, सेल्फ तापवू नका. परतीची नळी बाटलीत धरून तेल येताना डोळ्यांनी बघा, मगच चेंबरला जोडा. मग इंजिन स्लोवर दोन-तीन मिनिटं चालवा, रेस देऊ नका. गाडी फिरवून आणल्यावर क्लिपा पुन्हा आवळा. नवीन कामानंतरचं पहिलं तेल आणि फिल्टर नेहमीपेक्षा लवकर बदला.

चेंबर दुसऱ्या इंजिनाचं असेल तर गेज पट्टीच्या खुणांवर विश्वास ठेवू नका. मापून तेल भरा आणि पट्टीवर नवी खूण करा. जास्त भरलेलं तेल नीट काढलेलं तोंडही बुडवतं.

१३. रस्त्यावरच्या गाडीत कायदा आधी

कारखान्यातूनच टर्बो घेऊन आलेल्या गाडीचं चेंबर दुरुस्त करणं वेगळं आणि बिनटर्बोच्या गाडीला टर्बो चढवणं वेगळं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही केरळच्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ नुसार अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. नोंदणी झालेला ट्रॅक्टरही यात येतो. एका जागी चालणारं इंजिन सोडलं तर मी असं काम घेत नाही. त्या इंजिनालाही टर्बो म्हणजे जास्त उष्णता. त्याचे पिस्टन, पाणी आणि डिझेल पंप ते सोसतील का, हे आधी बघावं लागतं.

गाडीमालकांना एकच सांगणं आहे. टर्बोचं किंवा चेंबरचं काम झालं की पैसे देण्याआधी मिस्त्रीला म्हणा, परतीचं तेल पडताना दाखव. आणि गॅरेजात नव्याने हाताला काळं लावणाऱ्या पोरांनो, टर्बो बदलण्याचा सल्ला द्यायच्या आधी गाडीखाली जा आणि ती जाड नळी वरून खालपर्यंत हाताने चाचपा. निम्मी दुखणी तिथेच सापडतात, आणि त्यांचा इलाज नव्या टर्बोच्या किमतीपेक्षा फार स्वस्त असतो.